मुखदर्शीचा तिसरा प्रश्न

माझ्या जावेचा तिसरा हिरवा दिवा लागला त्या दिवशी आम्ही दोघींनी मिळून शिरा खाल्ला. तिनेच केला, तूप सढळ हाताने घालून, आणि वाटी माझ्यापुढे सरकवत म्हणाली, "वने, तुझं यंत्र लई गुणाचं हाय बघ. तीनदा थुंकी दिली, तीनदा हिरवा. आता मला काय धाड भरत न्हाई." मी हसले. आग लागो त्या हसण्याला. तो दिवा यंत्राने लावलाच नव्हता, मी लावला होता, आणि शिऱ्याचा घास गिळताना मला ते चांगलं ठाऊक होतं.

सांगते सगळं. फक्त मध्ये कुणी मला शहाणपण शिकवू नका, ते काम माझं मी रोज करते आहे.

मी वनिता शेवाळे, पाटण खोऱ्यातल्या दिवशेवाडीची आशा. आशा म्हणजे घरोघर फिरून बाळंतिणी, लसी, ताप, खोकला यांची खबर ठेवणारी बाई. सोळा वर्षं झाली या पायपिटीला. जावेचं नाव मालन. ती थोरली, मी तिला आक्का म्हणते. आमच्या दोघींच्या घरांत एकच भिंत. तिकडे तिने फोडणी दिली की इकडे मला ठसका लागतो. थोरले भाऊजी गेल्यापासून ती एकटी असते, म्हणजे म्हणायला एकटी. चहाला माझ्याकडे आणि भांडायलाही माझ्याकडेच.

मुखदर्शी आमच्या खोऱ्यात आलं ते गेल्या वर्षी, २०३९च्या आषाढात. स्टीलच्या जेवणाच्या डब्याएवढं यंत्र. वर तीन दिवे, समोर हाताएवढा पडदा, खाली कापसाची पट्टी सरकवायला फट. आम्हा बावीस आशांना तालुक्याला बोलावलं होतं. शिकवायला डॉक्टर ऋतुजा पांगे, दातांच्या. वय तिशीचं, बोलणं आगगाडीसारखं, पण पोरगी शिकवायची झकास.

"गालाच्या आतली कातडी दोन-तीन आठवड्यांत नवी होते," त्या म्हणाल्या. "जुन्या पेशी थुंकीत गळतात. प्रत्येक पेशीत एक लांबलचक धागा वळकटी करून ठेवलेला असतो, डीएनए. पेशीने कधी वाढायचं आणि कधी थांबायचं हे त्या धाग्यावर लिहिलेलं असतं. तंबाखूतली विषं काय करतात? 'थांब' म्हणणारी जी वाक्यं आहेत ना, नेमक्या त्यांच्यावर बारीक रासायनिक टिकल्या बसायला लागतात. टिकली बसली की पेशीला ते वाक्य वाचता येत नाही. मग ती वाढतच सुटते."

टिकल्या म्हटल्याबरोबर आमच्यातल्या निम्म्या जणींचे हात कपाळाला गेले आणि सगळ्याजणी हसल्या. मीसुद्धा.

यंत्राचं काम असं. थुंकीतला तो धागा सुईच्या टोकापेक्षा हजारो पटींनी बारीक अशा भोकातून ओढला जातो. भोकातून वीज खेळवलेली असते. टिकली भोकातून गेली की वीज किंचित अडखळते. अशा अडखळण्या यंत्र वीस मिनिटं मोजत बसतं. टिकल्या कमी, दिवा हिरवा. टिकल्या वाढल्या पण धागा शाबूत, दिवा पिवळा. तेव्हा परतलेप नावाचं मलम तीन महिने गालाला, हिरड्यांना लावलं की टिकल्या सुटतात आणि पेशी परत माणसात येतात. अर्थात तंबाखू बंद केली तर. आणि धागाच तुटला, अक्षरंच बदलली, की लाल. लालला लेप चालत नाही. लालला सुरी.

"पण एक घोटाळा आहे," डॉक्टर म्हणाल्या. "टिकल्या वयानेही बसतात. कवळी टोचत असेल, दात घासत असेल, तरी बसतात. त्या तेवढ्या वाईट नाहीत. म्हणून यंत्र आधी पाच प्रश्न विचारतं. तिसरा प्रश्न तंबाखूचा. उत्तर 'हो' असेल तर थोड्या टिकल्यांवरही ते सावध होतं, पिवळा लावतं. 'नाही' असेल तर ते म्हणतं, असेल वयामुळे, आणि तिथेच थांबतं, धागा तुटलाय का ते बघतच नाही. बाया हो, तिसरा प्रश्न नीट विचारा."

मला राहवलं नाही. मी हात वर केला. "थुंकीत तंबाखू कळत नाही का, मॅडम? मग विचारायचं कशाला?"

"कळते की. पहिल्या यंत्रात ती सोय होती. ज्या गावांत नेलं तिथे लोकांनी दारं लावून घेतली. म्हणाले, आमची झडती घेता काय? म्हणून ती सोय काढली. आता माणूस सांगेल ते खरं धरायचं."

जाताना एका कागदावर सही घेतली. आपण तंबाखू सेवन करत नाही, करत असल्यास यंत्र दुसऱ्या कार्यकर्तीकडे दिलं जाईल. मी फर्रकन सही ठोकली. आणि सही करता करता जिभेने खालच्या ओठातली मिश्री चाचपली.

ज्यांना मिश्री माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. तंबाखूची पानं तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची. घरभर असा खकाणा उठतो की शेजारची पोरं शिंकून बेजार होतात. मग ती पानं चुरून, बारीक करून डबीत भरायची. सकाळी उठलं की डाव्या हाताच्या बोटाने दातांना, हिरड्यांना घासायची, आणि सकाळ कसली, दुपारच्या चहाआधी, भांडी घासून झाल्यावर, पोट साफ होत नसलं की, डोकं दुखलं की. आमच्याकडे कुणी मिश्री खात नाही. मिश्री लावतात. ती दातांची. तंबाखू गडी माणसं खातात, चुना मळून, टाळी मारून. ती वेगळी.

मला लावली आक्कानेच. एकोणीस वर्षांची होते, पोटात लेक प्राची, दाढ ठणकत होती, आणि पोटुशीला औषध द्यायचं नाही म्हणून डॉक्टरने हात वर केलेले. मी रडत चुलीपाशी बसले होते. आक्का आली, तिने स्वतःच्या बोटावर चिमूटभर घेतली, माझा गाल धरला आणि दाढेवर घासली. "गप. आता ऱ्हाईल." आणि राहिली हो! पहिल्यांदा गरगरलं, ओकारी आली, पण दाढ राहिली. सासरी आल्यापासून मला कुणी तसं जवळ घेतलं नव्हतं. त्याला आता बावीस वर्षं झाली.

यंत्र घेऊन मी पहिल्या घरात गेले ती आक्काच्याच. श्रावणातली सकाळ, मागच्या दाराच्या पायरीवर ती बसलेली. मी पडद्यावरचं वाचलं, "तंबाखूचं सेवन करता का? विडी, सिगारेट, गुटखा, मावा, चुना-तंबाखू."

"शी! मी काय गडी हाय व्हय?"

बोट तोंडातच होतं तिचं. मिश्रीचंच. तसंच बोट तोंडात ठेवून म्हणाली.

ती खोटं बोलत नव्हती, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. पडद्यावरच्या यादीत मिश्री नव्हती, आणि तिच्या डोक्यातल्या यादीतही नव्हती. पण मी? मी शिकून आले होते. माझं बोट पडद्यावर थबकलं. हिचं 'हो' केलं तर सगळ्या गावाचं 'हो' करावं लागेल, आणि सगळ्या गावाला ठाऊक आहे की आशाताईची डबी तिच्या कमरेला असते. मग यंत्र जाणार. सोळा वर्षं दारोदार फिरून पहिल्यांदा माझ्या हातात असं काही आलं होतं की बाया उठून पाट द्यायच्या, 'वनिता, बस' म्हणायच्या. मी 'नाही' दाबलं.

माझ्या यादीत तिशीच्या पुढच्या एकशे शहाऐंशी बाया. पहिल्या दोन-चार घरांत मी प्रश्न जसाच्या तसा वाचला. दहाव्या घरापासून मी विचारायला लागले, "तंबाखू नाही ना?" त्यावर कोण कशाला हो म्हणतंय! माझी स्वतःची तपासणीही मीच केली. तिसऱ्या प्रश्नाला माझं बोट सर्वांत भरभर चाललं.

माघात सगळ्यांची दुसरी फेरी झाली आणि या श्रावणात तिसरी. जवळपास सगळं हिरवंगार. तालुक्याला माझं नाव घेतलं गेलं. म्हणे दिवशेवाडीच्या बाया किती निरोगी.

शिऱ्यानंतर पंधरा दिवसांनी शेवंतामामीची बातमी आली. वरच्या आळीची शेवंतामामी, साठीची, माघात माझ्या हातून हिरवा दिवा घेतलेली. लेकीकडे शहरात गेली होती. तिथे दात काढायला म्हणून गेली आणि दाताच्या डॉक्टरने हिरडी बघून तिला पुढे पाठवलं. कॅन्सर. तोंडाचा. तिचा मुलगा पारावर सांगत होता आणि मी लसीचा डबा घेऊन तिथूनच चालले होते. "यंत्रानं तर हिरवा दिला हुता की," तो म्हणाला. रागाने नाही हो. नुसता चक्रावलेला. लसीचा डबा मी पारावर टेकवला आणि पाणी मागितलं.

त्या दिवसापासून मी आक्काच्या ताटाकडे बघायला लागले.

आक्का ठेचा खाणारी बाई. हिरव्या मिरच्या, लसूण, खडं मीठ, आणि वर म्हणायची की तुमच्या शहरातल्या भाज्यांना चवच न्हाई. ती आता ठेच्यात दही कालवत होती. भाकरी उजव्या बाजूने चावत होती, कडा काढून ठेवत होती. मी म्हटलं, "आक्का, दही कशाला?"

"आगं, हितं खाली चरचरतंय जरा," तिने डाव्या गालाला बोट लावलं. "उष्णतेनं आसंल. मिश्री लावली की थांबतं. आताशा दोन वेळा जास्तच लावती."

"दोन वेळा जास्त?"

"मग? हिरवा आलाय न्हवं!"

मी तिला बॅटरी लावून तोंड उघडायला लावलं. खालच्या हिरडीला, ओठ जिथे मिळतो तिथे, दुधाच्या सायीसारखा पांढरा चट्टा, आणि त्याच्या मधोमध लालबुंद, ज्वारीच्या दाण्याएवढं. "काय दिसतंय?" तिने विचारलं. मी म्हटलं, "काही नाही, तोंड आलंय." बघा, तेव्हाही!

दुसऱ्या दिवशी उपकेंद्रावर डॉक्टर पांगेंची महिन्याची फेरी होती. माणसं पांगल्यावर मी त्यांना गाठलं. "मॅडम, एखादीचं उत्तर मागाहून बदललं तर काय होतं?"

"काहीच बिघडत नाही. टिकल्यांची मोजणी आणि धाग्याची नोंद यंत्रात जपलेली असते. उत्तर बदललं की ते जुने सगळे दिवे नव्याने लावतं. मागच्या तारखांसकट."

"मागच्यासकट?"

"हो, म्हणजे कळतं ना, दुखणं कधी सुरू झालं ते. का? कुणाचं बदलायचंय?"

"नाही, असंच विचारलं."

घरी येऊन मी यंत्र कपाटात ठेवलं आणि वर गोधडी टाकली. का, ते सांगायला लाज वाटते. उत्तर बदललं की आक्काचं आजचंच नाही, वर्षापूर्वीचंही कळणार होतं. मी जेव्हा 'नाही' दाबलं तेव्हा तिच्या तोंडात काय चाललं होतं, ते तारखेनिशी. ते मला बघायचं नव्हतं. चार दिवस मी ते कपाट उघडलं नाही. चार दिवस ती भिंतीपलीकडे तव्यावर तंबाखू भाजत होती, खकाणा माझ्या घरात येत होता, आणि मी पदर नाकाला लावून बसले होते. माझी डबी मी पहिल्याच दिवशी उकिरड्यात फेकली होती, पण अंग नुसतं पेटलं होतं. दातांखाली काही नाही म्हणून मी बडीशेप चावत होते, ह्यांच्यावर खेकसत होते, आणि खकाण्याचा वास आला की, खरं सांगते, तोंडाला पाणी सुटत होतं.

पाचव्या दिवशी सकाळी ठेच्याशिवायच भाकरी दुधात कुस्करताना ती मला दिसली. ठेच्याशिवाय! मी घरात गेले, गोधडी बाजूला केली आणि यंत्र घेऊन तिच्या मागच्या पायरीवर जाऊन बसले. ती वाटी ठेवून डबी उघडत होती.

"आक्का, ती डबी ठेव. एक प्रश्न परत विचारायचाय."

"इचार की. मी कुठं पळून चालली?"

"दात कशानं घासतेस?"

"डोळं फुटलं का तुझं?"

"तोंडानं सांग."

"मिश्रीनं."

"मिश्री कशाची असते, आक्का?"

ती सांगायला गेली आणि थांबली. डबीकडे बघितलं, काळ्या झालेल्या बोटाकडे बघितलं. कुणी तिला हा प्रश्न आयुष्यात विचारला नसेल. आठवड्याच्या बाजारातून ती स्वतःच्या हाताने पानं निवडून आणते, स्वतः भाजते, आणि तरी.

"तंबाखूची," ती म्हणाली.

मी तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर बदललं. पडदा क्षणभर पांढरा झाला. मग एकाखाली एक तारखा आल्या आणि तारखांपुढे रंग. गेल्या श्रावणातला, पिवळा. माघातला, पिवळा. तिसऱ्या तारखेपुढे बराच वेळ काही येईना. मी देवाचं नाव घेत होते, कुठल्या देवाचं तेही आठवत नाही. लाल आला.

आक्का चौथीपर्यंत शिकलेली. पण रंग वाचायला शाळा लागत नाही.

"ह्यो पयला कधीचा?"

"गेल्या श्रावणातला."

"तवा त्यो लेप चालला आसता?"

"हो."

"आन माघात?"

"तेव्हाही चालला असता."

तिने डबीचं झाकण लावलं, उघडलं, परत लावलं. मग माझ्याकडे न बघता विचारलं, "तुला ठावं हुतं?"

किती सोपं होतं! यादीत मिश्री नव्हती म्हणायचं, मला तरी काय कळतं म्हणायचं. तिने विश्वासही ठेवला असता. मी म्हटलं, "ठाऊक होतं, आक्का. तुझं लिहिलं असतं तर माझंही लिहावं लागलं असतं. यंत्र गेलं असतं माझ्याकडनं."

ती उठली. तांब्या घेतला, चूळ भरली. आणखी भरली. तांब्या रिकामा होईस्तोवर भरत राहिली. मग म्हणाली, "मी तुला लावली तवा मला ठावं न्हवतं, वने. देवाशपथ ठावं न्हवतं. तुला ठावं हुतं."

आत गेली आणि दार लावलं. लग्न झाल्यापासून बावीस वर्षांत ते दार माझ्यासमोर कधी लागलं नव्हतं. मी पायरीवर बसून राहिले. रडले, बोंबलून रडले म्हणा ना. मग डॉक्टर पांगेंना फोन लावला आणि सगळं सांगितलं, सहीसकट.

"किती जणी आहेत अशा?" त्यांनी विचारलं.

"मॅडम, मोजायला लागेल."

"आज मोजा. यंत्र उद्या सिस्टर येऊन घेऊन जातील. आणि जावेला परवाच्या परवा घेऊन या."

दहाच्या सुमाराला दार उघडलं. आक्काने लुगडं बदललं होतं, डोईवर पदर, पायात चपला. मला बघून म्हणाली, "बसलीस काय? बाकीच्यांचं कोण बदलणार? का त्यांच्या हातचा बी शिरा खायचाय?"

"तू नको येऊस, आक्का. मी जाते."

"तू गेलीस तर दारात उभी करतील का तुला? मी येती. माझं तीन दिवं दाखव समद्यास्नी."

आणि ती आली. पुढे ती, मागे मी यंत्र कडेवर घेऊन. प्रत्येक घरात मी विचारत होते, "दात कशाने घासता?" आणि प्रत्येक घरात कुणीतरी हसत होतं. मग आक्का पडद्याकडे बोट करायची, "हे माझं हाय. पिवळा, पिवळा, लाल. हसू नगा." आणि हसणं जागच्या जागी थांबायचं. एकशे शहाऐंशींपैकी एकशे एकतीस जणींचं उत्तर त्या दिवशी बदललं. बदललं की पडदा पांढरा व्हायचा, आणि बाई, तिची सून, तिची सासू, सगळ्या श्वास रोखून त्या पांढऱ्याकडे बघायच्या. बहुतेकींचा हिरवाच राहिला. अडतीस जणींचा पिवळा झाला. आक्काला धरून दोन लाल, आणि दुसरी कोण ते सांगायला नको. शेवंतामामीच्या मुलाने दार उघडलं आणि मला बघून पुन्हा लावलं. तिचं उत्तर मी बाहेर ओसरीवर उभी राहून बदललं.

बायांनी मला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. एक तर माझ्या पायाशी थुंकली. तिचा पिवळा आला होता आणि अंगावर दुसरं लेकरू होतं.

उतरत्या उन्हात आम्ही परत पायरीवर आलो. मी यंत्र पुसून पिशवीत घालत होते.

"ऱ्हायली की एक," आक्का म्हणाली.

"कोण?"

"तुझं कोण बदलणार?"

मी यंत्र परत बाहेर काढलं. दिवसभर मी दुसऱ्यांचे रंग बघितले होते आणि प्रत्येक रंगाला मनात म्हणत होते, माझा कसा असेल? बोटच नीट बसेना. आक्काने माझं मनगट धरलं, घट्ट, आणि मी 'हो' दाबलं. श्रावण, हिरवा. माघ, हिरवा. यंदाचा श्रावण, पिवळा.

तिने तीनदा डोळे बारीक करून बघितलं, खात्री करून घेतली. मग दोन्ही हात माझ्या डोक्यावरून उतरवले आणि स्वतःच्या कानशिलावर कडाकडा बोटं मोडली. मला त्या क्षणी मेल्याहून मेल्यासारखं झालं. तिने मला मारलं असतं तर बरं वाटलं असतं.

यंत्र गेलं. माझी चौकशी चालू आहे. माझं काम सध्या शेजारच्या गावची आशा बघते. यादीतल्या तिसऱ्या प्रश्नात आता मिश्री सर्वांत वर आली आहे म्हणतात. मी रोज दोन वेळा आरशासमोर उभी राहून परतलेप लावते. कडूजहर असतो. लावताना दर वेळी मनात येतं, ही लेपाची डबी आक्काच्या फळीवर असायला हवी होती.

आक्काची शस्त्रक्रिया शहरातल्या मोठ्या इस्पितळात ठरली. डाव्या जबड्याचा तुकडा काढावा लागणार होता. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की जीव वाचेल असा भरवसा आहे, पण बोलणं पहिल्यासारखं राहणार नाही. शब्द फिसकटतील, सवय व्हायला महिने जातील. आक्का म्हणाली, "मग भांडान कसं करायचं वो?" डॉक्टर हसले. मी खिडकीकडे तोंड केलं.

शस्त्रक्रियेच्या सकाळी ती हिरव्या कपड्यात पलंगावर बसली होती, मी शेजारच्या स्टुलावर. एक मुलगी हातात पाटीसारखा पडदा घेऊन आली. विशी-बाविशीची, चटपटीत, आधीचे दहा पेशंट उरकून आलेली. नाव झालं, वय झालं, रक्तदाब, साखर. मग वर न बघता ती म्हणाली, "तंबाखू नाही ना, आजी?"

शब्द माझेच होते. आवाजसुद्धा तसाच, घाईचा, आणि तिचं बोट आधीच 'नाही'च्या दिशेने निघालेलं.

आक्काने हात पुढे करून त्या मुलीचं मनगट धरलं. जसं माझं धरलं होतं तसंच.

"थांब बाय. नीट लिव्ह. मिश्री लावत हुते, चाळीस वर्सं. तंबाखूच आसती ती." मग माझ्याकडे मान वळवली. इतक्या दिवसांत पहिल्यांदा सरळ डोळ्यांत बघितलं. "ही माझी धाकली जाऊ. हिलाबी मीच लावली हुती. हिनं सोडलीया."

मुलगी गोंधळून एकदा तिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत राहिली.

"लिव्ह की," आक्का म्हणाली.

मुलीने 'हो'वर बोट ठेवलं. मी स्टुलावरून उठून वाकून बघितलं, खरंच ठेवलं का ते.